धातुशोधक यंत्र आणि मातीचा तोल

धातुशोधक यंत्र प्रथमच हाती घेणाऱ्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते. घरात टेबलावर ठेवलेल्या रुपयावर यंत्र धरले की ते उत्तम बोलते. तेच शेतात नेले की जेथे धरावे तेथे बोलते, आणि खणून पाहावे तर मुरुमाशिवाय हाती काही लागत नाही. यंत्र बिघडले अशी त्याची समजूत होते व तो ते दुकानदाराकडे परत घेऊन जातो. वास्तविक यंत्रात बिघाड काहीच नसतो. जमिनीलाही स्वतःचा आवाज असतो आणि तो आधी ओळखून बाजूला ठेवावा लागतो, एवढेच त्या माणसाला कोणी सांगितलेले नसते. या क्रियेला आम्ही येथे ‘मातीचा तोल साधणे’ असे म्हणणार आहोत.

इतिहासाच्या व्याख्यानात यंत्राची कथा कशाला, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, या यंत्राचा जन्मच एका राष्ट्राध्यक्षाच्या मृत्युशय्येपाशी झाला आहे. पुढे एका महायुद्धात हजारो सैनिकांचे पाय या यंत्रावर विसंबून पुढे पडले. आणि गेल्या चाळीसएक वर्षांत इतिहासाची काही पाने याच यंत्राने नव्याने लिहावयास लाविली, तर काही कायमची फाडून नेली. इतके झाल्यावर इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच्याकडे पाठ फिरविणे बरे नव्हे.

आरंभ १८३१ सालापासून करावयास हवा. त्या वर्षी मायकेल फॅरडेने दाखवून दिले की, एका वेटोळ्यातील विजेचा प्रवाह बदलला की शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. या तत्त्वावर १८७९ साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज याने एक नाजूक तराजू सिद्ध केला. धान्य वा सोने तोलणारा हा तराजू नव्हे. यात दोन बाजूंच्या वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाह एकमेकांविरुद्ध असे जुळवावयाचे की, कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये संपूर्ण शांतता व्हावी. मग एका बाजूस नाणे ठेवले की ती शांतता मोडे. दोन अस्सल नाणी दोन बाजूंना ठेवली तर पुन्हा शांत, आणि एक खोटे निघाले तर लगेच आवाज. आमच्याकडील सराफ नाणे दगडावर वाजवून पारखीत असत. ह्यूजने तीच पारख विजेकडून करविली, असे म्हणावयास हरकत नाही. ‘आधी शांतता साध, मग ती कशाने मोडते ते ऐक’ हे या तराजूचे सूत्र होते, आणि आजचे अत्यंत महागडे यंत्रही त्याच सूत्रावर चालते.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने दोन गोळ्या झाडल्या. एक गोळी दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली व शरीरात कोठेतरी राहिली. कोठे, ते कोणास कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चौदा वर्षांचा अवकाश होता. डॉक्टर जखमेत बोटे व सळया घालून गोळी चाचपीत होते. जंतुनाशकांचा वापर करावा हे लिस्टरचे म्हणणे युरोपात मान्य होत आले असताना अमेरिकेतील बडे डॉक्टर त्याकडे दुर्लक्षच करीत, आणि त्याची किंमत या रोग्याला द्यावी लागली.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने या प्रकरणात लक्ष घातले. अध्यक्षांच्या शरीरातील शिसे ह्यूजच्या तराजूने शोधता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. टेंटर या आपल्या सहकाऱ्यास घेऊन तो रात्रंदिवस कामाला लागला. त्याने दोन चपटी वेटोळी एकमेकांवर अर्धवट सरकवून अशी बसविली की टेलिफोन गप्प राहावा. मांसाच्या तुकड्यात शिशाची गोळी खुपसून त्याने प्रयोग केले, आणि यादवी युद्धात गोळ्या लागून त्या अंगातच वागवीत असलेल्या जुन्या सैनिकांवर यंत्र चालवून पाहिले. यंत्र बोलले. २६ जुलै रोजी व्हाइट हाउसमध्ये पहिला प्रयत्न झाला, तो मात्र एक जोडणी चुकल्याने फुकट गेला. १ ऑगस्टला पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी यंत्र ठीक होते. पण आवाज एका बिंदूवर न येता बऱ्याच मोठ्या भागावर मंद मंद येत राहिला.

दुसऱ्या दिवशी बेलने चौकशी केली तेव्हा त्याला समजले की, अध्यक्षांच्या घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची विणलेली आणखी एक गादी होती. येथे लोकप्रिय कथा संपते. त्या तारांनी बेलला फसविले आणि अध्यक्षांचा जीव गेला, असे पुष्कळ पुस्तकांतून छापलेले आढळते. आम्हांस हे इतके सोपे वाटत नाही. बेलने तशीच दुसरी गादी मिळवून ती तपासली. आवाजाचा भाग बिछान्याच्या मानाने लहान होता, तेव्हा सारा दोष तारांवर टाकता येत नाही, असे त्याला दिसले. १८८२ साली मॉन्ट्रियल येथे शास्त्रज्ञांच्या सभेपुढे त्याने जो वृत्तान्त ठेविला, त्यात गोळी यंत्राच्या पल्ल्यापलीकडे खोल होती, हे कारण त्याने दिले आहे. शिवाय उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांचा आग्रह असा की, गोळी उजवीकडेच आहे, तेव्हा उजवीकडेच पाहावे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवपरीक्षेत गोळी पाठीच्या कण्याच्या डावीकडे, स्वादुपिंडामागे सापडली. ज्या बाजूस गोळी होती त्या बाजूस यंत्र नीट फिरलेच नाही, आणि हा दोष बेलच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या तारांच्या गादीस महत्त्व आहेच. रोगी त्या बिछान्यावर निजण्यापूर्वी बिछान्याचा स्वतःचा आवाज किती, हे कोणी ऐकून ठेवले नव्हते. म्हणून १ ऑगस्टला आलेला मंद आवाज बिछान्याचा, गोळीचा की आणखी कशाचा, हे त्या क्षणी ठरविता येईना. जमिनीवर यंत्र चालविणाऱ्या नवशिक्याची अडचण नेमकी हीच असते. त्याच्यापुढे माती हाच बिछाना.

यानंतरची पन्नास वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि शरीरातील गोळीचा प्रश्न त्या वाटेने सुटला. धातुशोधकाचे पुनरागमन झाले ते जमिनीच्या कामी. जर्मनीतून अमेरिकेत गेलेला अभियंता गेरहार्ड फिशर विमानांना रेडिओवरून दिशा दाखविणाऱ्या यंत्रावर काम करीत होता. मध्ये धातूची मोठी वस्तू वा खनिजांनी भरलेली जमीन आली की दिशा चुकते, अशा तक्रारी वैमानिकांकडून येत. दुसऱ्या कोणी ही तक्रार निस्तरून सोडून दिली असती. फिशरने ती उलट बाजूने वापरली, आणि जमिनीत धातू शोधणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यास १९३७ साली मिळाले. खनिजयुक्त जमीन यंत्राला चकविते ही गोष्ट म्हणजे या विद्येची जन्मखूणच आहे, तिला मागाहून जडलेले व्यंग नव्हे.

मग महायुद्ध आले, आणि पेरलेले सुरुंग आले. पोलंड पडल्यावर पोलिश सैन्याचा एक भाग स्कॉटलंडमध्ये येऊन राहिला होता. त्यातील लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की याने १९४१ च्या हिवाळ्यात सैनिकाला एकट्याने चालविता येईल असे सुरुंगशोधक यंत्र सिद्ध केले. लांब दांड्याच्या टोकाला चपटी वेटोळी, पाठीवर विजेच्या घटांची पेटी, कानाला टेलिफोन. एकूण वजन चौदा किलोच्या आसपास. कोसात्स्कीने त्याचे पेटंट घेतले नाही, ते ब्रिटिश सैन्यास देऊन टाकले. त्याचे कुटुंब जर्मनव्याप्त पोलंडमध्ये होते, म्हणून युद्धकाळात त्याचे नावही गुप्त ठेवावे लागले. ब्रिटिश राजाचे आभाराचे पत्र त्याला मिळाले, हीच काय ती त्याची बिदागी.

२३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री एल् अलामीनची लढाई सुरू झाली, तेव्हा रोमेलच्या सैन्याने वाळूत सुमारे पाच लाख सुरुंग पेरून ठेवलेले होते. या यंत्रांपैकी सुमारे ५०० तेथे पोहोचली होती. तोपर्यंत संगिनीच्या टोकाने जमीन टोचीत टोचीत वाट काढावी लागे. एका तासात शंभर चौरस मीटर जमीन निर्वेध होई, ती या यंत्राने दोनशे होऊ लागली. रणगाड्यांची रांग मागे थांबलेली असताना या दुपटीचा अर्थ काय होतो, ते सांगावयास नको.

वाळवंटातील वाळूने या यंत्राला फारसा त्रास दिला नाही. इटलीत मात्र प्रकरण अवघड झाले. तेथील पुष्कळ जमीन ज्वालामुखीची, लोहकणांनी भरलेली. वर तोफगोळ्यांचे असंख्य तुकडे मातीत मिसळलेले. त्यात जर्मनांनी लाकडी पेट्यांचे सुरुंग वापरावयास सुरुवात केली, ज्यांत धातू नावापुरताच. म्हणजे माती मोठ्याने बोलणार, आणि ज्याचा आवाज ऐकावयाचा तो कुजबुजणार. या इटलीत मराठा पलटणीही लढत होत्या. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या बांधावर, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव याने आपल्या दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुखरूप आणले, आणि मग परत फिरून शत्रूची मशिनगन-ठाणी उद्ध्वस्त केली. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मिळाला तो याच पराक्रमासाठी. त्या पट्ट्यातून जाताना त्याच्या हाती धातुशोधक नव्हता, हे ध्यानात ठेविले म्हणजे त्या कृत्याचे मोल कळते.

आता माती बोलते कशी, ते पाहू. यंत्राच्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात. त्याने खालच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते आपला प्रतिसाद वर पाठवितात. पण तो किंचित उशिरा पोहोचतो. मातीत मॅग्नेटाइट व मॅगहेमाइट ही लोहखनिजे बारीक कणांच्या रूपाने असतात. त्यांचाही प्रतिसाद येतो, आणि तो नाण्याच्या प्रतिसादाहून कितीतरी बलवान असू शकतो. परंतु तो जवळजवळ बरोबरच्या ठेक्यात येतो, मागे रेंगाळत नाही. भजनात साऱ्या टाळांचा आवाज कितीही मोठा असला तरी एखादा टाळकरी मात्रेने मागे पडला तर जाणत्या कानाला तो निराळा कळतो. तसेच हे आहे. यंत्राला मातीचा ठेका कोणता ते एकदा सांगून ठेविले, की त्या ठेक्यात येणारे सारे ते सोडून देते आणि मागे पडलेला तेवढा ऐकविते. मातीचा तोल साधणे म्हणतात ते हेच.

आपल्याकडे हा विषय पुस्तकी नाही. दख्खनचे पठार काळ्या कातळाचे, आणि त्या कातळात चुंबकीय खनिज चांगलेच असते. त्यापासून झालेला मुरूम व काळी माती यांतही ते उतरते. कोकणात उतरावे तर जांभा. या जांभ्याचे शास्त्रीय नाव लॅटेराइट; मलबारात प्रवास करताना फ्रान्सिस बुकॅनन याने चिऱ्यांसाठी कापला जाणारा हा दगड पाहिला व १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन नावावरून त्याला हे नाव दिले. आज जगभरचे सुरुंग काढणारे लोक हे नाव ऐकताच कपाळाला हात लावतात. कंबोडियात युद्धानंतर जमिनीत राहिलेले सुरुंग काढताना या तांबड्या मातीने साध्या यंत्रांना इतके खोटे बोलावयास लाविले की, मातीचा आवाज आपोआप वजा करणारी विशेष यंत्रे वापरावी लागली. समुद्रकाठची तऱ्हा आणखी निराळी. ओल्या खारट वाळूतून वीज वाहते, म्हणून ती थोडीफार धातूसारखीच वागते, आणि कोरड्या पुळणीवर साधलेला तोल भरतीच्या रेषेपाशी मोडतो.

मातीचा तोल हाताने साधण्याची सोय सर्वसामान्य यंत्रांत १९७० च्या दशकात आली. तिची रीत अगदी साधी आहे. प्रथम यंत्राची तीव्रता थोडी कमी ठेवावी. नवशिका ती पहिल्याच दिवशी शेवटच्या टोकाला नेतो आणि गोंगाट ओढवून घेतो. कोणतीच धातू वगळली जाणार नाही अशा अवस्थेत यंत्र ठेवून आजूबाजूला फिरवावे, आणि जेथे खाली धातूचा तुकडा नाही अशी हातभर जागा शोधावी. ही पायरी गाळू नये. खाली खिळा असलेल्या जागी तोल साधला तर त्या खिळ्याचाच आवाज माती समजून यंत्र सोडून देईल, आणि मग त्या जातीची प्रत्येक वस्तू डोळ्यांदेखत निसटेल. अशी निर्मळ जागा मिळाली की यंत्राचे ताट जमिनीपासून वीतदीड वीत वर धरावे, दोन बोटे अंतर राहीपर्यंत खाली आणावे, पुन्हा वर न्यावे. पाण्याचा हातपंप चालवितात तसे सावकाश, ताट जमिनीला समांतर ठेवून. खाली जाताना आवाज वाढला तर तोल एका बाजूला कलला आहे. खाली जाताना बुडाला आणि वर येताना वाढला, तर दुसऱ्या बाजूला. खुंटी थोडी थोडी फिरवीत जावे. खाली-वर दोन्ही वेळा आवाज सारखाच राहिला की तोल साधला. ज्या यंत्रांत हे काम आपोआप होते, त्यांतही ताट खाली-वर करावे लागतेच. फक्त खुंटी यंत्र स्वतः फिरविते. वावर बदलले, नांगरट लागली, जुन्या चुलीची राख लागली की पुन्हा पहिल्यापासून. राखेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. अग्नीने तापलेली माती अधिक चुंबकीय होते, हे फ्रान्समध्ये ल बोर्ञ याने दाखवून दिले; ज्याला नवशिका त्रास म्हणतो त्याच गोष्टीवरून पुराणवस्तुसंशोधक गाडल्या गेलेल्या भट्ट्या व चुली शोधतात.

तोल साधलेल्या यंत्राने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. १९८० साली व्हिक्टोरिया प्रांतात किंगोवर येथे, जुन्या सुवर्णक्षेत्रात, जमिनीखाली जेमतेम फूटभर खोलीवर २७ किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा निघाला. एकोणिसाव्या शतकातील सोने शोधणारे हजारो लोक त्या मुलखात खणून गेले होते.

पण सोन्याच्या गोळ्यापेक्षा आम्हांस पितळेच्या रिकाम्या काडतुसांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. २५ जून १८७६ रोजी अमेरिकेत लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर व त्याच्याबरोबरची तुकडी लाकोटा व शायेन योद्ध्यांच्या हातून समूळ मारली गेली. त्या तुकडीपैकी सांगावयास कोणी उरले नाही, म्हणून गोऱ्या चित्रकारांनी व लेखकांनी शेवटच्या माणसापर्यंत शिस्तीने लढणाऱ्या वीरांचे चित्र रंगविले. पाहिलेले लोक खरे तर पुष्कळ होते. पण ते जेत्या बाजूचे, आणि त्यांची साक्ष कोणी फारशी धरीत नसे. १९८३ साली रणांगणावरील गवत वणव्यात जळाले. पुढील वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधकधारी स्वयंसेवकांची रांग तेथून चालविली. जेथे यंत्र बोलेल तेथे फक्त निशाण रोवावयाचे, हात लावावयाचा नाही. मागून दुसरी तुकडी येऊन जपून उकरी, आणि तिसरी प्रत्येक वस्तूची जागा मोजून टिपून ठेवी. बंदुकीचा खटका प्रत्येक काडतुसावर आपली खूण उमटवितो. त्या खुणा ताडून एकच बंदूक रणांगणावर कोठून कोठे गेली ते काढता आले. सैनिकांजवळ एकेक गोळी भरावयाच्या बंदुका, तर योद्ध्यांजवळ कित्येक हेन्री व विंचेस्टर बनावटीच्या भराभर झडणाऱ्या, हे जमिनीतून सिद्ध झाले. आणि शंभर वर्षे बाजूला सारलेल्या इंडियन साक्षींना आधार मिळाला. येथे एखाद्याने ती काडतुसे खिशात घालून नेली असती, तर त्यांची किंमत मोडीच्या पितळेइतकीच राहिली असती.

इंग्लंडात दोन्ही प्रकार घडले. वॉनबरो येथील रोमनकालीन देवस्थानाची जागा १९८० नंतरच्या दशकात चोरट्यांनी रात्री यंत्रे फिरवून उकरली व नाणी विकून टाकली. ती कोणत्या थरात होती, ते आता कधीच कळणार नाही. उलट १९९२ च्या नोव्हेंबरात सफोकमधील हॉक्स्ने येथे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना त्याच्या मित्राला रोमन नाणी लागली. त्याने खणणे थांबविले आणि अधिकाऱ्यांस कळविले. दुसऱ्या दिवशी पुराणवस्तुसंशोधकांनी पंधरा हजारांच्या आसपास नाणी व चांदीची भांडी जशी रचून पुरली होती तशीच उचलली. शोधणाऱ्याला कायद्याप्रमाणे मोठे बक्षीस मिळाले. हातोडाही सापडला, आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्या गडकिल्ल्यांवर व पांढरीच्या टेकाडांवर हे यंत्र घेऊन जाण्याचा मोह ज्यांना होत असेल, त्यांनी येथील कायदा आधी वाचावा. संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीवाचून खोदणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. पुराणवस्तूंच्या व्यवहाराला १९७२ च्या कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. त्याही आधीचा १८७८ चा निखात निधीचा कायदा असे सांगतो की, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत लपलेले सापडले तर सापडणाऱ्याने कलेक्टरास लेखी कळविले पाहिजे. काय व किती सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या दिवशी सापडले. गुप्तधन शोधणारा माणूस यांपैकी पहिली गोष्ट सोनाराला सांगतो, आणि दुसरी कोणालाही सांगत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हवी असते ती नेमकी दुसरी.